मनातलं गाऱ्हाणं

“आमचं दोघींचं एकच ना?” वैजूने विचारलं.

ती मागच्या पडवीत खुर्चीवर बसली होती. मांडीवर फोन होता, नुकताच बंद केलेला. सकाळचे आठ वाजून गेले होते, पण खाडीवरून आलेलं धुकं अजून उठलं नव्हतं. परसातले माड बुंध्यापुरते दिसत होते, वरचे शेंडे नव्हतेच.

“एकच,” मी म्हणालो. “तोच अवयव, तेच ऑपरेशन, तोच डॉक्टर.”

“मग हमीदाला ते सलाइनमधलं औषध नाही आणि मलाच का?”

मी वाटीत पेज ओतत होतो. ओतायला लागतो त्याहून जास्त वेळ लावला.

“तुझं वजन कमी आहे म्हणून.”

“वजन वाढवायला उलट्या होणारं औषध देतात?”

मी वाटी पुढे केली. तिने वाटी घेतली, जेवणाबरोबरची पाचक गोळी पहिल्या घोटाबरोबर गिळली आणि धुक्याकडे बघत बसली.

याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा वीज मंडळात लाइनमन होतो. आमचं गाव वाघिवणे, राजापूरच्या खाली, खाडीला लागून. घरात आम्ही दोघंच. मूल झालं नाही. तिचं नाव वैजयंता, पण एवढं लांब नाव कोणी घेत नसे.

गणपतीनंतर तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ समजून पंधरा दिवस झाडपाल्याचं औषध केलं. डोळे आणखी पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. मग रत्नागिरीला सोनोग्राफी आणि तिथून कोल्हापूरला ऑपरेशन. स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताची पिशवी, आतड्याचा तुकडा असं पुष्कळ काही काढलं आणि उरलेलं एकमेकांना जोडलं. सात तास मी बाहेरच्या बाकावर होतो.

शेजारच्या खाटेवर हर्णैच्या हमीदा सोलकर होत्या. त्यांचं तेच ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. चौथ्या दिवशी दोघी आडव्या पडल्यापडल्या बोलायला लागल्या आणि मग थांबल्याच नाहीत.

“वैजू, तुझी शिवण किती सरळ आहे गो,” हमीदाबाई म्हणायच्या. “माझ्यावर डॉक्टरने हात बसवला, तुझ्यावर चालवला.”

“हसवू नका हो, टाके ओढतात.”

“ओढू देत. एकाच घरात दिलेल्या जावा आपण. दुखणं पण वाटून घ्यायचं.”

पंधरा दिवसांनी गाठीचे रिपोर्ट आले. हमीदाबाईंचा मुलगा डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आला तसा त्याने माझा हात धरला. “काका, हळू वाढणारी गाठ आहे. औषध नाही, काही नाही. नुसती वर्षातून तपासणी.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मला आत बोलावलं.

डॉ. प्रभुदेसाई हळू बोलणारे होते. मी बसल्याबसल्या विचारलं, “सोलकरबाईंसारखंच ना?”

“दुसऱ्या पेशंटबद्दल मी बोलणार नाही,” ते म्हणाले. “पण एक लक्षात घ्या, पाष्टे. स्वादुपिंडाचा कॅन्सर हे नुसतं आडनाव झालं. एका आडनावाची माणसं सारखी असतात का? काही गाठी वर्षानुवर्षं स्वस्थ बसतात. तुमच्या मिसेसची गाठ नळीतली आहे. ती जात निराळी.”

“म्हणजे?”

“गाठ आम्ही पूर्ण काढलीय. पण हिची सवय परत येण्याची आहे. म्हणून सहा महिने केमो. तीन महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवी.”

मी लाइनमन माणूस. मला आकड्यात सांगितलं की कळतं. मी विचारलं, “असं ऑपरेशन झालेली शंभर माणसं घेतली, तर पाच वर्षांनी किती असतात?”

“औषध पूर्ण घेतलं तर वीसेक. नाही घेतलं तर दहाच्या आसपास. आकडे गर्दीचे असतात, एका माणसाचे नसतात, हेही ध्यानात ठेवा.”

“आणि ती हळू वाढणारी?”

“तिथे ऐंशी, नव्वदसुद्धा.”

मी बाहेर आलो. वैजू भिंतीला धरून वऱ्हांड्यात चालत होती, रोज पन्नास पावलं चालायला सांगितली होती. “काय म्हणाले?” तिने विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “हमीदाबाईंचं तेच तुझं.”

एवढंच. आधी ठरवून काही केलं नव्हतं. ती हसली, आत गेली आणि हमीदाबाईंना सांगितलं. त्या दोघी एकमेकींचे हात धरून हसत बसल्या. त्या हसण्यात मी परत जाऊन काही बोलू शकलो नाही. फाईल मी ऑफिसातल्या माझ्या कपाटात ठेवली. तिने विचारलं तेव्हा सांगितलं, बिलाच्या मंजुरीसाठी दिली आहे.

ऑपरेशनला आता दहा आठवडे होत आले होते. पंधरा दिवस उरले होते आणि ती कोल्हापूरला यायला तयार नव्हती. माझ्याच खोट्याने माझे पाय बांधले होते. दोघींचं एकच, तर मग एकीलाच औषध कशाला, हा तिचा प्रश्न सरळ होता.

त्या दिवसांत ती दिवसातून पाचसहा वेळा झोपायची आणि दरवेळी एक स्वप्न घेऊन उठायची. स्वप्न सांगायची ते इतक्या साध्या आवाजात, की नंतर मलाच कळेनासं व्हायचं, अमुक गोष्ट तिच्या स्वप्नात झाली की आमच्या परसात. एकदा तिची आई येऊन दळण घेऊन गेली. एकदा ऑपरेशनच्या खोलीत होडी आली. मी डब्यात पीठ बघायला गेलो होतो, खरं सांगतो.

त्या सकाळी पेज संपल्यावर तिने डोळे मिटले. झोप लागली असं वाटून मी वाटी उचलली, तर म्हणाली, “हमीदाच्या मुलाने फोनवर रिपोर्ट वाचला. त्यात लांबलचक शब्द आहे. न्यूरो असं काहीतरी. माझ्यात आहे का तो?”

“सगळ्यांत असतो.”

“फाईल कधी येणार?”

“येईल. साहेब रजेवर आहेत.”

“मी आणि हमीदा ओहोटीच्या खाडीतून चालत होतो,” ती डोळे मिटूनच म्हणाली. मला कळलं, हे स्वप्नातलं. “दोघी पोट धरून. ती पुढे. तिचे पाय रुतत नव्हते. मी म्हटलं, थांब गो. ती म्हणाली, अगं ये की, वाट तीच आहे.” मग डोळे उघडून म्हणाली, “मला नाही घ्यायचं ते औषध. आत्ता कुठे भाताला चव लागतेय. तुम्हाला एवढं वाटतंय तर आईला विचारू. कौल लावू. उजवा दिला तर येते.”

आई म्हणजे आमची ग्रामदेवी वाघजाई. आमच्याकडे मोठं काम अडलं की कौल लावतात. गुरव देवीच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे एकेक ओली कळी चिकटवतो. ज्याचं काम आहे त्याच्या वतीने तोच गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीपुढे मोठ्याने प्रश्न मांडतो. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावा आला तर माणसं ठरलेलं लग्नसुद्धा मोडतात. वैजूला डावा आला असता तर आकाश खाली आलं तरी ती कोल्हापूरला आली नसती.

दुपारी मी भिकू गुरवाकडे गेलो. तो माझ्याच वयाचा, शाळेत एका बाकावरचा. अंगणात पत्रावळी लावत बसला होता.

“काय रे श्रीधर, आमचा फ्यूज गेला काय?”

“उद्या वैजू कौल लावायला येतेय.”

“येऊ दे की. आईच्या दारात कोणाला बंदी हाय?”

“उजवा पडला पाहिजे.”

पान टोचताटोचता त्याचा हात थांबला. “पाहिजे म्हणजे?”

“पडला पाहिजे म्हणजे पडला पाहिजे.”

“ते आईला सांग. मला काय सांगतोस?”

“कळी तू लावतोस. उजवी जरा कोरडी लावली की आधी सुटते.”

“हे तुला कोणी सांगितलान?”

“तूच. चौथीत असताना. काजू चोरायला गेलो होतो तेव्हा.”

भिकू खाली बघून हसला, मग गंभीर झाला. “श्रीधर, माझ्या आज्याने, बापाने ह्याच जागी कळ्या लावल्यान. जमिनीचे तंटे, सोयरिकी, सगळा झाला. एकदा पण कोणी बोट घातला नाय. आणि तू आज येऊन सांगतोस? तुला काय येड लागला?”

“देवळाची लाइन मी ओढली. एक पैसा घेतला नाही.”

“मग कापून टाक! आई समईच्या उजेडात बसेल. आधी पण बसत होती.”

मी त्याच्या बाजूला जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. नळीतली गाठ, हळू वाढणारी गाठ, वऱ्हांडा, फाईल. हे मी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होतो. सांगताना मला फार झोप येत होती, जांभया येत होत्या. का ते आजही कळत नाही.

“म्हणजे औषध घेतला नाय तर शंभरातले दहा,” भिकू म्हणाला. “आणि घेतला तर वीस.”

“हो.”

“वीस म्हणजे ऐंशी जातातच.”

“हो.”

“आणि एवढ्यासाठी मी आईच्या अंगावरची कळी पाडू?”

“दहा आणि वीस म्हणजे दुप्पट होतात, भिकू.”

त्याने एक पत्रावळ पूर्ण केली, बाजूला ठेवली. “वैनीला सांग की सरळ. कौल कशाला हवा?”

“सांगवत नाही.”

“असा बोल. म्हणजे जा तुझ्या तोंडून निघत नाय, ता आईने बोलायचा.” त्याने दुसरं पान उचललं. “दहाच्या आत आण तिला. ऊन चढला की कळ्या आपल्याआप सुकतात. मग कोणाची कुठली पडेल, मला पण सांगता यायचा नाय.”

दुसऱ्या दिवशीही धुकं होतं. देऊळ राईत आहे, आमच्या घरापासून दहा मिनिटं. आम्हाला पाऊण तास लागला. तिने हिरवं लुगडं नेसलं होतं. पूर्वी त्याचा घेर बरोबर बसायचा, आता दोनदा फिरवून खोचलं तरी सैल होत होतं. मी एका हातात प्लास्टिकचं स्टूल घेतलं होतं. दर वीसपंचवीस पावलांवर स्टूल ठेवायचं, ती बसायची, मग उठायची. झाडांवरून पाणी टपटप पडत होतं, पण पाऊस नव्हता. ती एकदा स्टुलावर बसून म्हणाली, “हे मी आधी बघितलंय.”

“काय?”

“हेच. तुम्ही स्टूल घेऊन पुढे आणि मी मागे. स्वप्नात की काय कोण जाणे.”

“स्वप्नात आपण पोचलो का?”

“तेवढ्यात तुम्ही चहाला उठवलंत. तुमची सवयच आहे.”

भिकू आंघोळ करून तयार होता. देवीपुढची जमीन सारवलेली होती. वैजू मूर्तीच्या अगदी समोर बसली, मी तिच्या मागे खांबाशी. भिकूने तांब्यात तगरीच्या दोन कळ्या बुडवल्या. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मलाही पुढचं बघवेना. मी मान वर करून वायरिंग बघत राहिलो. होल्डरमध्ये कोळ्याने जाळं केलं होतं. ते काढायला हवं, असं मनात आल्याचं आठवतं.

“गाऱ्हाणं घालतो,” भिकू म्हणाला. “बा आई वाघजाई, आज ही तुझी लेक—”

“थांबा भावजी,” वैजू म्हणाली. “आज गाऱ्हाणं मी घालते. मनात.”

“मनात? मोठ्याने घालायची रीत हाय, वैनी.”

“का? आईला ऐकू येत नाही काय?”

भिकूने माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. मी मान हलवली. मनात काय आणि मोठ्याने काय, कळी तर लावून झाली होती.

तिने हात जोडले. बाहेर पाणी टपकत होतं. दोन पांढऱ्या कळ्या काळ्या दगडावर चिकटून होत्या. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला वाटायला लागलं, आम्ही तिघं तिथे फार वर्षांपासून बसलो आहोत, मध्ये काही घडलेलंच नाही, ना पिवळे डोळे, ना कोल्हापूर. मग उजवी कळी किंचित हलली, घसरली आणि देवीच्या पायाशी पडली.

“उजवा!” भिकू ओरडला. जरा जास्तच मोठ्याने. “आईने हुकूम दिलान!”

वैजूने वाकून नमस्कार केला. पोटामुळे तिला पुरतं वाकता येत नव्हतं. मी पुढे झालो, तिला हात दिला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. “चल,” मी म्हणालो. “आजच डॉक्टरांना फोन करतो. सोमवारी निघू.”

“कुठे?”

“कोल्हापूरला. आईने उजवा दिला ना?”

“दिला,” ती म्हणाली. “पण मी औषधाचं विचारलंच नाही.”

“मग काय विचारलंस?”

तिने माझा हात सोडला नव्हता. “मी विचारलं, आई, माझा नवरा माझ्याशी खोटं बोलतोय का?”

भिकूने तांब्या उचलला. “पाणी आणतो,” म्हणाला आणि बाहेर गेला. तांब्या भरलेलाच होता.

आम्ही देवळाच्या पायरीवर येऊन बसलो. जांभ्याच्या पायऱ्या ओल्या होत्या, तिच्याखाली मी माझा टॉवेल घातला. खांबाला डोकं टेकून तिने डोळे मिटले. मी बोलायला लागलो. आडनावाचं सांगितलं, नळीचं सांगितलं, गाठीची सवय सांगितली. बोलताना मी समोरच्या झाडांकडे बघत होतो. सगळं संपल्यावर वळून बघितलं, तर तिचा श्वास एका लयीत चालला होता. मला वाटलं, ही झोपली. आता परत पहिल्यापासून सांगावं लागणार.

“किती?” ती डोळे न उघडता म्हणाली.

“काय किती?”

“तुम्ही आकडा विचारल्याशिवाय राहिला नसणार. मीटर बघितल्याशिवाय तुम्ही कोणाच्या घरात पाणी पीत नाही.”

“औषध घेतलं तर शंभरात वीस. पाच वर्षांनी.”

“आणि हमीदाची?”

“ऐंशी. नव्वदसुद्धा.”

ती मग म्हणाली, “बरं झालं तिचं.” आणि थोड्या वेळाने तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, डोळे मिटलेलेच. “दोन महिने माझं आजारपण तुम्ही एकट्यानेच घेऊन ठेवलंत. मला नुसती पेज दिलीत.”

“चुकलो.”

“मी हमीदाच्या आयुष्यात राहत होते हो. मे महिन्यात हर्णैला जायचं, सुरमई खायची असं ठरवलंय आम्ही. तिच्या नातीच्या लग्नात कुठली साडी नेसायची ते ठरवलंय. नात सहा वर्षांची आहे.”

“जाऊ की आपण.”

तिने डोळे उघडले. “परत खोटं?”

मी मग म्हणालो, “मे महिन्यात जाऊ. हर्णैला.”

“हां,” ती म्हणाली. “असं बोला. दिसतंय तेवढंच बोला.”

धुकं विरळ झालं होतं. राईच्या बाहेर कोणीतरी म्हैस हाकत होतं, त्याचा आवाज पाण्यातून आल्यासारखा येत होता. तिने पदराने तोंड पुसलं.

“घेते मी औषध,” ती म्हणाली. “वीस तर वीस. पण फाईल आजपासून माझ्या कपाटात राहील. आणि डॉक्टर बोलतील ते माझ्यासमोर. तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल, मी नाही थांबणार.”

“बरं.”

“आणि हमीदाला यातलं काही कळता कामा नये. आमचं दोघींचं एकच आहे, असंच समजू दे तिला. उगाच रडत बसेल. टाके सुकले नाहीत अजून तिचे.”

“मग औषध कशाला घेतेस म्हणून विचारील ती.”

“सांगेन, वजन कमी आहे म्हणून.”

“म्हणजे खोटं?”

“ते माझं खोटं आहे,” वैजू म्हणाली. “तुमचं नाही.”

सोमवारी आम्ही कोल्हापूरला गेलो. सहा महिने ती औषधं घेत राहिली. तिचे केस विरळ झाले, बोटांना मुंग्या यायच्या, थंड पाण्याला हात लावता येत नसे. भाताची चव परत गेली. एकदा तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, म्हणाली, तुमच्यामुळे मला हे भोगावं लागतंय. मी ऐकून घेतलं. मे महिन्यात, दोन डोसांच्या मधल्या आठवड्यात, आम्ही हर्णैला गेलो. तिने सुरमईचे दोन घास खाल्ले आणि बाकीची माझ्या ताटात टाकली. हमीदाबाई म्हणाल्या, “वजन वाढवायचं औषध घेतेस आणि काठी होऊन आलीस!” वैजू म्हणाली, “डॉक्टर खोटारडे असतात.” आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

पुढच्या वर्षी परत गेलो. त्याच्या पुढच्या वर्षीही गेलो. तेव्हा तिने आख्खा तुकडा खाल्ला. त्या दिवाळीत यकृतावर डाग दिसले. डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलं. तिनेच विचारलं, किती महिने, आणि परतीच्या गाडीत मला तीच समजावत होती.

ऑपरेशनपासून तीन वर्षं चार महिने. वीस जणांत ती बसली नाही. औषध घेतलं नसतं तर किती मिळाले असते, हे मला कोणी सांगू शकणार नाही आणि मी विचारलंही नाही. हमीदाबाई आहेत. नवव्या वर्षी त्यांचीही गाठ थोडी परत आली, महिन्याला एक इंजेक्शन घेतात, मासळी बाजारात जाऊन भांडतात. खरं काय ते वैजू गेल्यावर मी त्यांच्या मुलाला सांगितलं आणि त्याने त्यांना. त्यांनी मला फोन केला. म्हणाल्या, “जावेने फसवलंन मला.” अजून ईदला त्यांचा फोन येतो. सुरुवातीला मी उचलत नसे. त्यांचा आवाज चांगला ठणठणीत आहे, ते मला सहन होत नसे. आता उचलतो.

एक सांगायचं राहिलं.

शेवटच्या महिन्यात ती दिवसभर पडून असायची. एका दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होतो. ती अर्धवट झोपेत होती, मध्येच कोणाशी तरी बोलत होती. मला वाटलं, आता नाही तर कधी नाही.

“वैजू, जागी आहेस का? मला एक सांगायचंय. त्या दिवशीचा कौल. उजवी कळी मी पाडायला लावली होती. भिकूला सांगून.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

माझा हात थांबला. “भिकूने सांगितलं?”

“तो कशाला सांगेल? मी मूर्तीच्या समोर बसले होते, दोन हातांवर. त्याने उजवी कळी धोतराला पुसली आणि मग लावली. मी तुमच्याकडे वळून बघितलं, तर तुम्ही वर दिवा बघत होतात. दिवसाउजेडी.”

“मग बोलली का नाहीस?”

“मी औषधाचंच विचारायला आले होते. खरंच. पण उजवी पडणार हे तुमचं ठरलेलंच होतं.” तिला दम लागला, ती थोडी थांबली. “मग मी प्रश्न बदलला.”

कौलाला तीन वर्षं होऊन गेली होती. एवढ्या दिवसांत तिने तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं.

“आणि डावी पडली असती तर?” मी विचारलं.

“कशी पडेल? तुम्ही केलेलं काम कधी कच्चं असतं का?”

ती हसली. हसताना नेहमीसारखा पोटावर हात धरला. मग तो हात तसाच ठेवून तिला झोप लागली. मी उठून पंखा हळू केला आणि परत येऊन दुसऱ्या पायाला तेल लावायला घेतलं.